काचेतून दिसणारे पेट्रोल

विमानतळावर विमानांना इंधन पुरवणाऱ्या टाकीच्या गाडीला बाउझर म्हणतात. अलीकडे कारखान्यांतील आणि मोठ्या गृहसंकुलांतील जनित्रांना जागेवर डिझेल पोचवणाऱ्या छोट्या टँकरवरही हा शब्द रंगवलेला दिसतो. ऑस्ट्रेलियात तर पेट्रोल पंपालाच बाउझर म्हणण्याची रीत आहे. शब्द ऐकून एखादी तांत्रिक संज्ञा असावी असे वाटते. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. सिल्व्हेनस बाउझर हा अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या फोर्ट वेन गावचा रहिवासी. १८८५ साली त्याने जेक गम्पर नावाच्या किराणा दुकानदाराला एक पंप विकला, आणि आज आपण ज्याला पेट्रोल पंप म्हणतो त्याचा वंश तेथून सुरू झाला.

हा पहिला पंप मात्र पेट्रोलचा नव्हता, रॉकेलचा होता. पेट्रोलवर चालणारी मोटार तेव्हा बाजारात नव्हतीच. कार्ल बेंझने तिचे पेटंट घेतले ते १८८६ मध्ये. दुकानात रॉकेलचे पीप असे, गिऱ्हाईक डबा घेऊन येई, दुकानदार तोटी सोडून माप भरी. गम्परच्या दुकानात गळणाऱ्या रॉकेलचा वास शेजारच्या लोण्याला लागत असे, त्या तक्रारींतून हा पंप जन्मला अशी हकीकत सांगतात. आपल्याकडे ज्यांनी रेशनच्या दुकानापुढे रॉकेलच्या रांगेत तास काढले आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. पत्र्याचे माप, त्याच्या बुडाला बसलेला पोचा, माप काठोकाठ भरण्याआधीच ते नरसाळ्यात उपडे करण्याची दुकानदाराची लकब, हे सगळे त्यांना आठवेल. बाउझरच्या पंपात एक लाकडी दट्ट्या होता आणि झडपांच्या जागी चक्क गोट्या होत्या. दट्ट्या वर ओढला की ठरावीक रॉकेल वर येई. नळकांड्याचा छेद आणि दट्ट्याची चाल ठाऊक असली म्हणजे प्रत्येक खेपेला किती द्रव आला ते गणिताने ठरते. माप आणि पंप ही दोन कामे एकाच यंत्रात आली, ही यातली खरी नवी गोष्ट.

त्या काळी पेट्रोल हा रॉकेल गाळताना निघणारा एक नकोसा पदार्थ होता. डाग काढायला ते थोडेफार विकले जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाली, तेव्हा वाटेत इंधन संपल्यावर तिने वीसलॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. पुढची पंधरावीस वर्षे मोटारवाल्यांची स्थिती फारशी वेगळी नव्हती. किराणा, औषधे, लोखंडी सामान यांच्या दुकानातून डबा भरून आणायचा, नरसाळे लावायचे आणि मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतायचे. १९०५ साली बाउझरने मोटारींसाठी मुद्दाम वेगळा पंप काढला. लाकडी कपाटात पन्नास गॅलनची टाकी, हाताने चालवायचा पंप आणि मोटारीपर्यंत पोचणारी नळी. १ डिसेंबर १९१३ रोजी गल्फ कंपनीने पिट्सबर्ग शहरात मोटार आत घालून भरून घेता येईल असे खास बांधलेले केंद्र उघडले. पहिल्या दिवशी तेथे ३० गॅलन पेट्रोल खपले, २७ सेंट गॅलन या दराने.

खप वाढायला मग वेळ लागला नाही. १९०० साली साऱ्या अमेरिकेत सुमारे आठ हजार मोटारी होत्या. १९२० मध्ये ऐंशी लाखांच्या वर गेल्या, आणि १९२९ मध्ये दोन कोटी तीस लाखांच्या आसपास. या यंत्रांची गिऱ्हाइके अशी झपाट्याने वाढत असताना जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. पंपाच्या पोटात काय चालले आहे हे बाहेरून दिसत नसे. अमेरिकन लोक अशा पंपाला 'आंधळा पंप' म्हणत. दट्ट्या पुरता ओढला की अर्धवट? झडप गळते आहे का? पेट्रोलबरोबर हवा तर खेचली जात नाही ना? गिऱ्हाइकाला केवळ विक्रेत्याच्या शब्दावर पैसे मोजावे लागत. शिवाय पेट्रोलमध्ये स्वस्त रॉकेल मिसळले असेल तर तेही कळत नसे.

यावर जो तोडगा निघाला तो फार देखणा होता. पंपाच्या डोक्यावर, माणसाच्या उंचीच्याही वर, दहा गॅलनचे काचेचे नळकांडे बसवले. बाजूची लांब दांडी पुढेमागे ओढली की जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल वर चढून काचेत भरे. काचेच्या आत उभ्या सळईवर आकड्यांच्या छोट्या पट्ट्या असत. शून्य वर आणि दहा तळाशी. पेट्रोल शून्याच्या वर जाऊ लागले की जादा भाग एका नळीतून आपोआप परत टाकीत उतरे. मग तोटी उघडायची आणि गुरुत्वाकर्षणाने पेट्रोल मोटारीत जाऊ द्यायचे. पातळी पाचाच्या पट्टीला आली म्हणजे पाच गॅलन गेले. गिऱ्हाईक समोर उभे राहून हे सारे पाहू शकत असे. १९१५ ते १९३० या काळात अमेरिकेतल्या रस्त्यांवर हे 'दिसणारे पंप' जागोजागी उभे होते.

असाच एक पंप आमच्या एका जुन्या मित्राने इंडियानातील एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागून विकत आणला. मित्र मूळचा सांगलीचा, व्यवसायाने यंत्र अभियंता, आणि भंगाराची आवड लहानपणापासूनची. त्याच्याकडे मुक्कामाला असताना दोन महिने आम्ही दोघांनी मिळून तो पंप दुरुस्त केला. दिसणारे पंप मागे पडल्यावर त्यांतले काही शेतांवर ट्रॅक्टर भरण्यासाठी गेले, तसा हाही गेला होता. काच फुटलेली, दांडी गंजून जागच्या जागी घट्ट झालेली, खालच्या पत्र्याला मुठीएवढी दोन भोके. त्या दोन महिन्यांत आम्हांला जे शिकायला मिळाले त्यातला बराचसा भाग शाळेच्या पुस्तकातला आहे, म्हणून तो येथे सविस्तर सांगत आहोत.

पहिला नियम असा की अशा जुन्या यंत्राजवळ ज्योत न्यायची नाही. घट्ट बसलेला बोल्ट तापवून सैल करण्याची युक्ती प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. पण पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पेट घेते, आणि बंद नळीत ती वर्षानुवर्षे अडकून राहू शकते. आम्ही आधी सगळ्या नळ्या व पोकळ भाग साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन वाळवले. मग बोल्टांना गंज सोडवणारे तेल पाजले आणि थांबलो. काही बोल्ट चार दिवसांनी सुटले, काहींना पंधरा दिवस लागले.

बोल्ट असे का अडकतात? लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन यांपासून होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या बारीक फटीत तो तयार होऊ लागला की पाचर ठोकल्यासारखा दोन्ही बाजूंना दाबतो. उघड्या पत्र्यावर मात्र याच गुणामुळे तो पापुद्र्यांनी सुटून पडतो आणि खालचे ताजे लोखंड हवेला मोकळे होते. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर बसतो, पण तो घट्ट चिकटून राहतो व आतल्या धातूचे रक्षण करतो. आमच्या पंपात आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसली. जेथे पितळेचा भाग लोखंडात बसवला होता, नेमका तेथेच गंज सर्वांत खोल गेला होता. दोन निरनिराळे धातू आणि ओलावा मिळून एक छोटा विद्युत्घट बनतो व त्यात लोखंडाचा बळी जातो. पितळ जवळजवळ जसेच्या तसे होते.

लहान भागांचा गंज आम्ही विद्युत् अपघटनाने काढला. हा प्रयोग शाळेतही सहज करता येतो. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन दर लिटरला एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेली कडी किंवा बिजागरी तारेने टांगून बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावी, आणि साध्या लोखंडाचा एक जुना तुकडा धन टोकाला. दोन्हींचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. बारा व्होल्टचा चार्जर लावला की कडीवर हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागतात, गंजाचा काही भाग अपकर्षणाने काळ्या, भुसभुशीत रूपात बदलतो आणि ब्रशने घासल्यावर निघून जातो. प्रयोग उघड्यावर करावा, कारण हायड्रोजन साचला तर स्फोट होऊ शकतो. मीठ वापरू नये, क्लोरीन सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील तर मुळीच लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. एवढे करूनही गेलेले लोखंड परत येत नाही. खड्डे खड्डेच राहतात. विद्यार्थ्यांना हे आधी सांगून ठेवलेले बरे, नाहीतर कडी नवी होऊन निघेल अशी त्यांची अपेक्षा असते.

खालच्या पत्र्याची गोष्ट वेगळी. त्यावर रंगाचे थरावर थर होते. सर्वांत वर शेतकऱ्याने फासलेला राखाडी, त्याखाली हिरवा, त्याखाली लाल, आणि पत्र्याला लागून नारिंगी तांबडा असा अस्तराचा थर. पुराणवस्तूंच्या उत्खननात जसे थर मोजतात तसे आम्ही एका कोपऱ्यात ब्लेडने ते उघडून पाहिले. प्रत्येक रंगाबरोबर पंपाचा एक मालक किंवा एक कंपनी बदललेली होती. मित्राने शिसे ओळखण्याच्या तयार काड्या आणल्या होत्या. ओल्या काडीचे टोक रंगावर घासले की शिसे असल्यास ते गुलाबी तांबडे होते. राखाडी थरावर काही झाले नाही. खालच्या तिन्ही थरांवर टोक लाल झाले.

त्यातला नारिंगी थर म्हणजे आपल्या चांगल्या ओळखीचा पदार्थ. रसायनशास्त्रात त्याला लेड टेट्रॉक्साइड म्हणतात, आपण शेंदूर म्हणतो. जवसाच्या तेलात खललेला शेंदूर लोखंडाला फासला तर गंज फार चांगला रोखला जातो, म्हणून पूल, जहाजे आणि यंत्रे यांना शंभर वर्षांहून अधिक काळ हेच अस्तर दिले जात होते. पंप इतकी वर्षे उभा राहिला त्याचे बरेचसे श्रेय या विषारी थराला द्यावे लागते. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ श्वासावाटे रक्तात जाते. आम्ही तो द्रावणाने मऊ करून, ओला ठेवून, मुखपट्टी व हातमोजे घालून खरवडला आणि खरवड डब्यात भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिली. या कामाला सबंध दुरुस्तीतला सर्वांत जास्त वेळ लागला आणि सर्वांत कमी मजा आली.

पंपासोबत आलेल्या खोक्यात एक छोटी पत्र्याची पाटी होती. मजकूर साधारण असा : या इंधनात शिसे आहे, ते फक्त मोटारीत वापरावे, कपडे धुण्यास किंवा अन्य कामास वापरू नये. पंपाच्या इतिहासातले सर्वांत काळे प्रकरण या पाटीत आहे.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटले की ठोके बसतात, शक्ती वाया जाते. जनरल मोटर्स कंपनीतील टॉमस मिजली या अभियंत्याने डिसेंबर १९२१ मध्ये शोधून काढले की टेट्राएथिल लेड नावाचे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये अगदी थोडे मिसळले की हे ठोके थांबतात. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातील डेटन शहरात असे पेट्रोल प्रथम विकले गेले. सुरुवातीला तर हे द्रव्य पंपावरच, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे मिसळले जाई. त्याचे नाव ठेवले 'एथिल'. नावात शिशाचा उल्लेख नव्हता, जाहिरातीतही नव्हता. ओळख पटावी म्हणून त्यात लाल रंग घातला होता. दिसणाऱ्या पंपाच्या काचेत हे लाल पेट्रोल उन्हात कसे चमकत असेल याची कल्पना करावी. उंची मालाची खूण म्हणून लोक तो रंग बघत आणि जादा पैसे देत.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे संयुग तयार करणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. काही दिवसांत त्यांतले पाच दगावले, कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. वर्तमानपत्रांनी त्या द्रव्याला वेड लावणारा वायू असे नाव दिले. महिनाअखेर मिजलीने वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि मिनिटभर हुंगून दाखवले. त्याआधीच्या वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे त्याला स्वतःला कामावरून रजा घ्यावी लागली होती, हे तेथे कोणी बोलले नाही. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारने परिषद बोलावली. येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि औद्योगिक विषांच्या जाणकार डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी स्पष्ट बजावले की धोका कारखान्यापुरता नाही, रस्त्यावरच्या प्रत्येकाला आहे. एक समिती नेमली गेली. तिने काही महिने अडीचशेच्या आसपास माणसांची तपासणी केली आणि बंदी घालण्याजोगे कारण दिसत नाही असा अहवाल १९२६ च्या जानेवारीत दिला. पुढेही अभ्यास चालू ठेवावा अशी शिफारस समितीने केली होती. ती कागदावर राहिली.

शिसे पुढची कित्येक दशके धुरातून सर्वत्र पसरत गेले. पृथ्वीचे वय १९५६ मध्ये ठरवणारे क्लेअर पॅटरसन यांना खडकांतले शिसे मोजताना प्रयोगशाळेतल्या प्रत्येक वस्तूवर बाहेरचे शिसे सापडू लागले आणि त्याचा माग काढत ते पेट्रोलपर्यंत पोचले. १९६५ साली त्यांनी हे जाहीरपणे मांडले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ च्या जुलैत संपले. १९२३ पासून मोजले तर अठ्ठ्याण्णव वर्षे झाली. आम्हांला खटकते ते असे की फसवणूक होऊ नये म्हणून पेट्रोल काचेत ठेवले होते. गिऱ्हाइकाला माप दिसत होते, रंगही दिसत होता, आणि त्या रंगानेच त्याची समजूत घातली.

आता पुन्हा काचेकडे. नवी काच बसवल्यावर पट्ट्यांचा प्रश्न आला. जुन्या पट्ट्या सळईवर सरकणाऱ्या होत्या. त्या मुद्दाम तशा केलेल्या असत, कारण काचेची नळकांडी अगदी एका मापाची निघत नसत. समजा नळकांड्याचा आतला व्यास ३० सेंटिमीटर आहे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे दर गॅलनला पातळी सुमारे ५.३५ सेंटिमीटर उतरेल. व्यास फक्त ३ मिलिमीटरने जास्त झाला तर घनफळ दोन टक्क्यांनी वाढते. दहा गॅलनमागे पाऊण लिटरचा फरक. म्हणून काच बदलली की माप पुन्हा लावून घ्यावे लागे. आम्ही लाल रंग मिसळलेले पाणी भरून, तपासलेल्या मापाने एकेक गॅलन काढून पट्ट्या बसवल्या. वर्गात शिक्षकांना हेच काम साध्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून करून घेता येईल. बाटली गळ्याशी निमुळती असेल तर अधिक चांगले, कारण तेथे समान अंतरावर मारलेल्या खुणा खोट्या ठरतात आणि मुलांना ते स्वतःच सापडते.

तापमानाचाही यात हात आहे. पेट्रोल एक अंश तापले की सुमारे हजारांश भागाने प्रसरण पावते. भुयारी टाकीतून थंड पेट्रोल काचेत आणून उन्हात ठेवले आणि ते दहा अंशांनी तापले, तर दहा गॅलनमध्ये एक टक्का, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक लिटर नुसता फुगवटा असतो. शिवाय काच फुटत असे, दांडी ओढायला माणूस लागे, आणि दहा गॅलनहून अधिक हवे असल्यास पुन्हा भरावे लागे. हात फार भरून येत असत, हे आम्ही पाणी चढवताना अनुभवले. दहा गॅलन पेट्रोल म्हणजे जवळपास २८ किलो.

पेट्रोल खालून खेचण्यालाही मर्यादा आहे. साध्या पंपाने पाणी दहा मीटरच्या वर खेचता येत नाही हे आपण शिकवतो. पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणून ते चौदा मीटर चढावे असे वाटेल. पण पेट्रोलची वाफ सहज होते; कडक उन्हाळ्यात त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या निम्म्यापर्यंत जातो आणि खेचलेल्या नळीत वाफ भरते. प्रत्यक्षात सहाएक मीटरच हाती राहतात. म्हणून टाकी जमिनीखाली फार खोल ठेवत नाहीत.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस विजेचे पंप आणि फिरते मोजयंत्र आले. काचेची जागा घड्याळासारख्या तबकडीने घेतली, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ट वेनच्याच वेन कंपनीने मापाबरोबर किंमतही दाखवणारे पंप बाजारात आणले. बाउझर, वेन आणि टोकहाइम हे तिन्ही पंप बनवणारे त्या एका गावातले, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. माप पुन्हा यंत्राच्या पोटात गेले. पण लोकांची डोळ्यांनी पाहण्याची सवय सुटली नव्हती. म्हणून पुढची अनेक वर्षे पंपाच्या बाजूला काचेची एक लहानशी वाटी ठेवलेली असे आणि पेट्रोल वाहू लागले की तिच्यात एक भिंगरी फिरे.

हिशोब करणारी ती दातेरी चाके इतकी पक्की होती की कोणाला भाव डॉलरपलीकडे जाईल असे वाटले नव्हते. १९७९-८० मध्ये तो गेला. दराच्या चाकांवर तेवढे अंक बसेनात, तेव्हा ठिकठिकाणी पंपावर अर्धाच दर लावून, येईल त्या रकमेची दुप्पट घेण्याची वेळ आली. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक पंपांनी ती चाके भराभर मोडीत काढली.

इलेक्ट्रॉनिक पंपाच्या पोटात तर पाहण्यासारखे काहीच नसते. २०१७ साली उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांच्या तपासात महाराष्ट्रात असे पंप सापडले की ज्यांत आकडे पुरे दिसत आणि पेट्रोल कमी येई. आत एक छोटी चिप बसवलेली होती. आपल्याकडे पंपावरचा माणूस नळी हातात घेण्यापूर्वी 'झिरो बघा' म्हणतो, आणि आपण बघतो. शून्य पाहिल्याने माप शून्यापासून सुरू झाले एवढेच कळते, पुढचे नाही.

पुढचे कळण्याचा मार्ग जुनाच आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि शंका आल्यास कोणताही ग्राहक त्यात पेट्रोल भरून दाखवायला सांगू शकतो. माप सपाट जागी ठेवलेले आहे ना, हे पाहावे. ते आधी एकदा पेट्रोलने ओले करून, पूर्ण रिते करून मगच भरावे. कोरड्या मापाच्या भिंतींना जे थोडे चिकटून राहते ते हिशोबात धरलेले नसते. आणि पातळी वाचताना डोळा खुणेच्या रेषेत आणावा, वरून वाकून पाहू नये.